लेन्सपुढची जादा काच: यूव्ही फिल्टर निवडताना

नवीन लेन्स घेतली की सोबत यूव्ही फिल्टर (अतिनील किरण अडवणारी सपाट काच) घ्यायचाच, असा रिवाज पडून गेलाय. फिल्टर एकदा बसला की लेन्स विकेपर्यंत तिथेच राहतो आणि त्याच्याकडे पुन्हा कुणी निरखून बघत नाही. लेन्स तयार करणाऱ्यांनी दहा-पंधरा काचांचे आकार, त्यांच्यातली अंतरं आणि कोटिंग (प्रकाश परत फिरू नये म्हणून काचेवर चढवलेले पातळ थर) यांचा हिशेब जुळवलेला असतो. आपण त्या हिशेबात नसलेली एक काच सगळ्यांच्या पुढे उभी करतो आणि तिथून पुढचा प्रत्येक फोटो तिच्यातून येतो. म्हणून तो फिल्टर अतिनील किरण किती अडवतो हा प्रश्न मागे ठेवा. तो किती प्रकाश परत फेकतो, त्याची काच किती सपाट आहे आणि काचेभोवतीची कडी किती नेटकी कातली आहे, हे आधी बघा.

फिल्मच्या काळी यूव्ही फिल्टरला खरंच काम होतं. रंगीत फिल्ममधला निळ्या प्रकाशाचा थर ४०० नॅनोमीटरच्या खालच्या अतिनील किरणांनाही दाद द्यायचा. उंच डोंगरावर, बर्फात, समुद्रकाठी हे किरण जास्त असतात, त्यामुळे दूरची दृश्यं निळसर आणि फिकी उतरायची. यूव्ही फिल्टर ते किरण छाटायचा. स्कायलाइट १ए आणि १बी हे किंचित गुलाबी छटेचे फिल्टर त्यासोबत निळी झाकही थोडी मारायचे. डिजिटल कॅमेऱ्यात हे काम आतच होतं. सेन्सरच्या अगदी पुढे बसवलेली पातळ फिल्टर-काच अतिनील आणि अवरक्त (आयआर) असे दोन्हीकडचे किरण छाटते. तिथे पोचण्याआधीच लेन्समधल्या काचा आणि काचा एकमेकींना चिकटवणारं रसायन यांनी बराचसा अतिनील प्रकाश शोषलेला असतो. बाहेरून आणखी एक यूव्ही फिल्टर लावून फोटोत फरक दिसत नाही तो यामुळे. त्याने धुकं कमी होतं असं अजूनही सांगितलं जातं, पण धुक्याच्या थेंबांवरून आणि धुळीवरून विखुरणारा प्रकाश डोळ्यांना दिसणाराच असतो, त्याला यूव्ही फिल्टर हात लावत नाही.

अपवाद मोजके आहेत. फिल्म वापरत असाल तर यूव्ही फिल्टर जरूर घ्या. सेन्सरपुढची काच काढून कॅमेरा फुल स्पेक्ट्रम, म्हणजे अतिनील आणि अवरक्तही टिपणारा, करून घेतला असेल, तर नेहमीचे रंग मिळवण्यासाठी अतिनील आणि अवरक्त दोन्ही छाटणारा फिल्टर बाहेरून लावावाच लागतो. २००६ साली आलेल्या लायका एम८ या कॅमेऱ्यात सेन्सरपुढचा अवरक्त फिल्टर कमजोर होता. काळं कृत्रिम कापड त्यात जांभळट दिसायचं, आणि त्यावर उपाय म्हणून यूव्ही-आयआर फिल्टर लेन्सवर लावावे लागत. बाकी सगळ्यांसाठी ही काच फक्त संरक्षणाची.

म्हणूनच आता बऱ्याच कंपन्या ‘प्रोटेक्टर’ किंवा ‘क्लिअर’ नावाने साधी पारदर्शक काच विकतात. निकॉनचा एनसी म्हणजे न्यूट्रल कलर, बी प्लस डब्ल्यूचा क्लिअर ००७, होयाचा प्रोटेक्टर हे सगळे त्याच जातीचे. बी प्लस डब्ल्यूचा यूव्ही ०१० नंबरचा. एकाच कंपनीच्या एकाच दर्जाच्या मालिकेत यूव्ही आणि प्रोटेक्टर दोन्ही असतील तर जो सहज मिळेल तो घ्या. टाळायचे ते ४०० नॅनोमीटरच्या पुढे, म्हणजे दिसणाऱ्या जांभळ्या प्रकाशातही घुसून छाटणारे जोरकस हेझ फिल्टर. त्यांची काच पिवळसर असते. कॅमेऱ्याचा आपोआप रंग जुळवणारा ऑटो व्हाइट बॅलन्स ही छटा बहुतेक वेळा झाकून टाकतो, पण ठरावीक व्हाइट बॅलन्सवर काम करणाऱ्याला दोन लेन्समध्ये रंगाचा फरक दिसत राहतो.

मुळात संरक्षण हवंय का

पुढची काच आपल्याला वाटते तितकी नाजूक नसते. ती जाड असते, तिच्यावर टणक कोटिंग असतं आणि मऊ कापडाने नीट पुसून तिला काही होत नाही. बारीक ओरखडा पडलाच तरी बहुतेक फोटोंत तो दिसत नाही, कारण पुढच्या काचेवर फोकस नसतोच. दिसलाच तर समोरून ऊन येत असताना, वाइड (रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सवर, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) बरंच बंद केलेलं असताना. फिल्टरची काच मात्र साधारण एक ते दोन मिलिमीटरची, तीही सपाट. तिला फुटायला फार जोर लागत नाही. ‘फिल्टर फुटला म्हणून लेन्स वाचली’ असं म्हणतात तेव्हा बऱ्याचदा लेन्सच्या काचेला त्या धक्क्याने काहीच झालं नसतं. उलट फुटलेल्या फिल्टरचे धारदार तुकडे पुढच्या काचेवर घासून ओरखडे पाडतात, हा धोका खरा आहे. पडण्या-आपटण्यापासून वाचवायचं असेल तर हूड, म्हणजे लेन्सपुढे बसणारं नळकांडं, जास्त कामाचा. तो लवचिक असतो, काचेपासून दूर असतो, आणि वर आडवा येणारा प्रकाशही अडवतो.

फिल्टरची कडी मात्र एक उपकार करते. कडेवर आपटल्यावर पोचा आधी तिला येतो आणि लेन्सचे आटे बऱ्याचदा वाचतात.

तरी काही ठिकाणी फिल्टरशिवाय काम करू नये असं माझं ठाम मत आहे. समुद्राचे खारे तुषार, वाऱ्याबरोबर उडणारी वाळू, गाड्यांच्या शर्यतीतला चिखल आणि खडी, वेल्डिंग-ग्राइंडिंगच्या ठिणग्या, रंगांची उधळण, लहान मुलांची चिकट बोटं आणि कुत्र्याचं ओलं नाक. ठिणगी काचेत वितळून रुतते आणि वाळू कोटिंग खरवडते. मिठाचा थर वाळला की पुसताना त्याचेच कण घासतात. अशा जागी दर दहा मिनिटांनी निर्धास्तपणे पुसता येईल अशी काच पुढे हवीच.

दुसरी जागा हवामानरोधक लेन्सची. कॅननच्या ईएफ १७-४० मिमी एफ/४ एल आणि ईएफ १६-३५ मिमी एफ/२.८ एल २ या लेन्समध्ये झूम करताना पुढची काच कडीच्या आत मागेपुढे सरकते. त्या फटीतून धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून फिल्टर लावल्यावरच सीलबंदी पूर्ण होते, असं कंपनीच सांगते. आपल्या लेन्सची पुढची काच अशी आत सरकते का, ते एकदा झूम आणि फोकस फिरवून बघून घ्या.

काही लेन्सना पुढे फिल्टर लागतच नाही. निकॉनच्या एएफ-एस १४-२४ मिमी एफ/२.८ सारख्या अतिवाइड लेन्सची काच बाहेर फुगलेली असते आणि आटे नसतात. ४०० मिमी एफ/२.८ सारख्या अवजड टेलीला (दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सला) मागच्या बाजूला खाचेत सरकवायचा छोटा फिल्टर असतो. तो फिल्टर लेन्सच्या हिशेबात धरलेला असतो, म्हणून खाच कधी रिकामी ठेवायची नाही. निदान साधी काच तरी तिथे हवी.

परतणारा प्रकाश

खरी परीक्षा इथे आहे. कोटिंग नसलेल्या काचेच्या एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. फिल्टरला दोन पृष्ठभाग, म्हणजे जवळजवळ ८ टक्के. एकाच थराचं कोटिंग असेल तर दर पृष्ठभागाला साधारण दीड टक्का, आणि चांगलं बहुस्तरीय कोटिंग असेल तर अर्ध्या टक्क्याच्याही खाली. प्रकाश कमी मिळतो याची चिंता नको, एवढ्या फरकाने एक्स्पोजर बदलत नाही. चिंता परत फिरलेला प्रकाश कुठे जातो याची.

रात्रीचा रस्ता, चौकटीत वरच्या डाव्या कोपऱ्यात एक दिवा. दिव्याचा प्रकाश लेन्समधून सेन्सरवर पडतो. सेन्सर आणि त्याच्यापुढची काच चकचकीत असते, त्यामुळे त्यातला थोडा प्रकाश लेन्समधून उलटा बाहेर निघतो आणि ज्या कोनाने आत आला त्याच कोनाने फिल्टरवर पोचतो. फिल्टर सपाट आणि सेन्सरला समांतर. तो आरशासारखा त्याला परत आत पाठवतो, पण आता कोन विरुद्ध बाजूचा झालेला असतो. परिणामी उजव्या खालच्या कोपऱ्यात, मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे तितक्याच अंतरावर, दिव्याची हिरवट किंवा निळसर, उलटी प्रतिमा उमटते. लेन्सच्या स्वतःच्या काचा वक्र असल्याने त्यांच्यावरून परतणारा प्रकाश बहुधा पसरून पुसट होतो. सपाट फिल्टरवरून परतलेला मात्र रेखीव येतो, म्हणून तो डोळ्यात खुपतो.

फोटोत कुठे अनोळखी ठिपका दिसला तर दिव्यापासून चौकटीच्या मध्यबिंदूतून एक रेघ कल्पनेने ओढा. ठिपका त्याच रेघेवर, मध्यापासून तितक्याच अंतरावर असेल तर दोषी फिल्टरच. फिल्टर काढून तीच चौकट पुन्हा घ्या, ठिपका गेलेला दिसेल.

कोटिंग जितकं चांगलं तितकी ही प्रतिमा मंद, पण पूर्ण जात नाही. दिवा त्याच्या आजूबाजूच्या काळोखापेक्षा हजारो पटींनी उजळ असतो, त्यामुळे त्याचा अगदी छोटा अंशही काळ्या आकाशात उठून दिसतो. रात्रीचं शहर, मेणबत्त्या, रंगमंच, आतषबाजी, चंद्र, चौकटीत सूर्य असलेला सूर्योदय किंवा सूर्यास्त: या सगळ्यांसाठी महागातला महाग फिल्टरसुद्धा काढून ठेवावा. पाठीमागून प्रकाश असलेलं पोर्ट्रेट घेताना वेगळा त्रास होतो. ठिपका दिसत नाही, पण सगळ्या चित्रावर दुधट पडदा आल्यासारखा होतो आणि केसांतला काळेपणा राखाडी होतो. फिल्टरवर बोटाचा ठसा असेल तर हा पडदा दुप्पट दाट.

ध्रुवीय प्रकाशाचे, म्हणजे ऑरोराचे, फोटो घेणाऱ्यांना आणखी एक विचित्र दोष भेटतो: चित्राच्या मध्यावर एकात एक अशी वर्तुळं. ऑरोराचा हिरवा रंग जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५५७.७ नॅनोमीटरचा असतो. फिल्टरच्या दोन समांतर पृष्ठभागांमध्ये तो पुढेमागे परतून स्वतःशीच व्यतिकरण करतो, म्हणजे त्याच्या लाटा एकमेकींत मिसळून कुठे उजळ तर कुठे मंद होतात, आणि कड्या उमटतात. इथे काच जितकी अचूक समांतर तितक्या कड्या ठळक, त्यामुळे उत्तम फिल्टर इथे वाचवत नाही. ऑरोरासाठी फिल्टर घरीच ठेवायचा.

कोटिंग तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. फिल्टर काळ्या कापडावर ठेवा आणि वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात बघा. प्रतिबिंब पांढरंशुभ्र आणि ठळक दिसलं तर काच उघडी. थोडं मंद आणि एकाच निळसर-जांभळ्या छटेचं दिसलं तर बहुधा एक थर. अगदी मंद, गडद हिरवट किंवा जांभळट दिसलं तर बहुस्तरीय कोटिंग. चांगल्या फिल्टरमध्ये काच आहे की नुसती कडी, असा क्षणभर प्रश्न पडतो. लेन्सच्या पुढच्या काचेचं प्रतिबिंब शेजारी धरून तुलना केली की फरक अजून स्पष्ट होतो. दोन्ही बाजू बघा; स्वस्त फिल्टरमध्ये एकाच बाजूला कोटिंग केलेलं सापडतं. मग पांढऱ्या कागदावर ठेवून छटा बघा: काचेखालचा आणि बाहेरचा कागद सारखाच दिसायला हवा.

डबीवरच्या शब्दांवर विसंबू नका. ‘प्रो’, ‘डिजिटल’, ‘एचडी’, ‘१६ थर’ यांची कुठलीही समान व्याख्या नाही, ज्याला जे छापायचं ते तो छापतो. एमसी म्हणजे मल्टी कोटेड, पण त्या नावाखाली फारच कमी प्रतीचं कोटिंगही विकलं जातं. नावाजलेल्या मालिकांचे नकली फिल्टरही बाजारात असतात आणि त्यांची डबी हुबेहूब असते. कोटिंगची परीक्षा तिथेही कामी येते: अस्सल फिल्टरची मंद रंगीत झाक नकलीत बहुधा नसते. कानाजवळ धरून हलवलं तर काच खुळखुळता कामा नये. कडीवरची अक्षरं पुसट किंवा वाकडी नसावीत, आणि आटे नखाने चाचपले तर खरखरीत लागू नयेत.

फिल्टर खरंच अतिनील अडवतो का, हे बघायची हौस असेल तर ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च घ्या आणि छपाईच्या शुभ्र कागदावर मारा. कागदात चमक आणणारं रसायन असतं, तो निळसर उजळतो. मध्ये यूव्ही फिल्टर धरला की उजळणं पुष्कळ कमी व्हायला हवं. प्रोटेक्टर धरला तर फारसा फरक पडत नसेल, ते बरोबरच आहे. ३९५ नॅनोमीटरच्या साध्या टॉर्चने ही परीक्षा करू नका. तो प्रकाश दिसणाऱ्या जांभळ्याच्या इतका जवळ असतो की अस्सल यूव्ही फिल्टरमधूनही पार होतो. टॉर्चकडे सरळ बघायचं नाही, आणि यूव्ही फिल्टरमधून सूर्याकडे तर कधीच नाही. तो सूर्यफिल्टर नव्हे.

सपाटपणा आणि टेलीलेन्स

एकच फिल्टर २४ मिमीवर ठणठणीत आणि ४०० मिमीवर बेकार ठरतो, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. कारण साधं आहे. २४ मिमी लेन्स एफ/४ वर असताना चित्रातला एक बिंदू तयार करणारा प्रकाश जेमतेम ६ मिमी (२४ भागिले ४) व्यासाच्या झोतातून येतो, म्हणजे फिल्टरचा तेवढाच तुकडा त्या बिंदूसाठी वापरला जातो. एवढ्या तुकड्यात काच बहुधा पुरेशी सपाट असतेच. ४०० मिमी लेन्स एफ/५.६ वर हाच झोत सुमारे ७१ मिमीचा. आता प्रत्येक बिंदूसाठी जवळजवळ अख्खा फिल्टर कामाला लागतो आणि काचेतला प्रत्येक हलका उंचवटा त्यात मिसळतो. वर लेन्स दृश्य इतकं मोठं करून दाखवते की चूकही तितकीच मोठी होते. चित्र सगळीकडे थोडं मऊ येतं, फोकस लागलाय असं वाटतच नाही, आणि पार्श्वभूमीतले धूसर गोल रेघारेघांचे किंवा दुहेरी कडांचे दिसतात. लोक मग लेन्स बदलायला निघतात किंवा ऑटोफोकसला दोष देतात.

हाच हिशेब धुळीला उलटा लागतो. २४ मिमी, एफ/१६ म्हणजे दीड मिमीचा झोत. फिल्टरवरचा एक मिमीचा पाण्याचा थेंब त्यातला मोठा भाग अडवतो आणि चित्रात डाग म्हणून दिसतो. ४०० मिमीवर तोच थेंब ७१ मिमीच्या झोतात विरून जातो. म्हणून वाइड लेन्सवर फिल्टर स्वच्छ ठेवा आणि टेलीवर उत्तम प्रतीचा घ्या. एकाच चांगल्या फिल्टरपुरता खर्च करायचा असेल तर तो टेलीसाठी करा, किंवा टेलीवर नुसता हूड लावा. टेलीचे हूड इतके खोल असतात की बोट आत पोचायलाही कष्ट पडतात.

सपाटपणाची पहिली झटपट परीक्षा: खिडकीच्या सरळ चौकटीचं प्रतिबिंब फिल्टरमध्ये अगदी तिरक्या कोनातून बघा आणि फिल्टर हळू फिरवा. रेघ वाकडी-लाटांची झाली तर काच टेलीसाठी नको. दुसरी परीक्षा ट्रायपॉडवर: टेलीलेन्स दूरच्या खांबावर रोखा, स्क्रीनवर चित्र पूर्ण मोठं करा आणि फिल्टर लेन्सपुढे हातात धरून जागच्या जागी फिरवा. चित्र गोलगोल सरकलं तर काचेचे दोन पृष्ठभाग समांतर नाहीत, काच पाचरीसारखी आहे. चित्र न सरकता मऊ-तीक्ष्ण होत राहिलं तर पृष्ठभागच लाटांचा आहे. पाचर एक वेळ चालून जाते, लाटा चालत नाहीत.

पक्का निर्णय मात्र फोटो काढूनच घ्यावा. मजबूत ट्रायपॉड, हाताचा कंप सावरणारं स्थिरीकरण बंद, दोन सेकंदांचा टायमर, ॲपर्चर पूर्ण उघडं, झूम पूर्ण लांब, समोर विटांची भिंत किंवा छापील मजकूर. फिल्टर लावून पाच फोटो, काढून पाच, आणि प्रत्येक फोटोआधी फोकस बिघडवून पुन्हा लावायचा. पाच याकरता, की फोकसमधला फोटोगणिक होणारा फरक फिल्टरच्या माथी मारला जाऊ नये. दोन्ही गटांतले सर्वात चांगले फोटो शंभर टक्के मोठे करून शेजारी ठेवा. हे थंड वेळी आणि जवळच्या वस्तूवर करा; दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि परीक्षा निकामी होते.

व्यास, कडी, आटे

व्यास लेन्सच्या पुढच्या कडीवर किंवा कॅपच्या आतल्या बाजूला, वर्तुळावर तिरकी रेघ अशा चिन्हापुढे लिहिलेला असतो: ४९, ५२, ५५, ५८, ६२, ६७, ७२, ७७, ८२, ८६, ९५ असे. फोकल लेन्थही मिलिमीटरमध्येच लिहितात, त्यामुळे ५० मिमीच्या लेन्सला ५० मिमीचा फिल्टर शोधणारे भेटतात. आट्यांचं अंतर बहुतेक ०.७५ मिमी असतं. मोठ्या व्यासांमध्ये मात्र १ मिमीचे आटेही सापडतात, म्हणून ८६ आणि त्यापुढचा फिल्टर घेताना हा आकडा तपासा. नाहीतर एक वेढा बसून पुढे अडकतो. स्टेप-अप रिंग (लहान आट्यांवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावून एकच मोठा फिल्टर सगळ्या लेन्सना वापरायची युक्ती पोलरायझरसाठी (चकाकी कमी करणाऱ्या फिल्टरसाठी) छान आहे. संरक्षक फिल्टरसाठी नको, कारण मग हूड बसत नाही.

कडी ॲल्युमिनियमची किंवा पितळेची. लेन्सचे आटे ॲल्युमिनियमचे असले आणि फिल्टरचेही तेच, तर दोन्ही एकमेकांत घट्ट रुतून बसायची शक्यता जास्त. पितळ कमी अडकतं, पण जड असतं. लेन्सचे आटे प्लॅस्टिकचे असतील तर पितळेची कडी तिरकी घुसवली की प्लॅस्टिकच कापलं जातं, तिथे जपून. नेहमीच्या कडीची जाडी ५ मिमीच्या आसपास, स्लिमची ३ च्या. स्लिम कडी वाइड लेन्सवर कोपरे काळे होऊ नयेत म्हणून असते. काही स्लिम फिल्टरना पुढे आटेच नसतात, मग कॅप धरत नाही आणि पिशवीत सुटून पडते. पुढे आटे असलेलाच स्लिम घ्या. कोपरे तपासायला झूम पूर्ण वाइड करा, फोकस अनंतावर ठेवा आणि एकसारख्या आकाशाचा किंवा भिंतीचा फोटो एकदा ॲपर्चर उघडं ठेवून व एकदा एफ/११ वर घ्या, फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय. फिल्टरसह कोपऱ्यात जादा काळोख आला तर कडी जाड आहे.

फिल्टर सारखा काढघाल करायचा असेल तर चुंबकीय कडीचे फिल्टर सोयीचे. लेन्सवर पातळ रिंग कायम राहते आणि फिल्टर टक्कन बसतो. पण जोराच्या धक्क्याने तो सुटतो आणि बऱ्याचदा त्यासाठी वेगळी कॅप लागते. पोलरायझर किंवा एनडी (प्रकाश कमी करणारा गडद) फिल्टर यूव्हीवर चढवू नका. चार पृष्ठभाग होतात, कोपरे काळे होतात, आणि दोन कड्या एकमेकींत अडकतात ते वेगळंच.

लावणं, काढणं, पुसणं

लावताना लेन्स वर तोंड करून ठेवा, दोन्ही काचांवरून ब्लोअर फिरवा, फिल्टर सपाट टेकवा आणि आधी उलट दिशेने, म्हणजे काढायच्या दिशेने हळू फिरवा. टक् असा बारीक आवाज येऊन फिल्टर किंचित खाली बसतो. आट्यांची तोंडं जुळली. मग सरळ फिरवा. बोटांच्या टोकांचा जोर पुरे. थांबल्यावर आणखी आवळायचं नाही.

अडकलेला फिल्टर काढताना सगळे करतात ते म्हणजे दोन बोटांनी समोरासमोर जोराने दाबून फिरवणं. कडी त्याने लंबगोल होते आणि आणखी घट्ट बसते. रबरी हातमोजा घालून कडी सगळ्या बाजूंनी हलकेच धरा, किंवा कडीभोवती रुंद रबर बँड गुंडाळा. जमलं नाही तर फिल्टर रेंच (कडी धरून फिरवायची पकड) वापरा. तो जोडीने असतो, कारण दोन फिल्टर एकमेकांत चिकटले असतील तर एक रेंच खालच्यावर आणि दुसरा वरच्यावर धरावा लागतो. दुसरा हात लेन्सच्या पुढच्या भागावरच हवा. मागे कॅमेरा धरून पिळलं तर झूमच्या बाहेर आलेल्या नळीवर आणि फोकसच्या यंत्रणेवर ताण येतो. तेल सोडू नका, ते आत झिरपतं.

पुसताना आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग मायक्रोफायबरवर दोन थेंब द्रव घेऊन मध्यापासून बाहेर गोल गोल. द्रव काचेवर थेट ओतलं तर कडीच्या फटीत शिरतं. समुद्राचं पाणी उडालं असेल तर कोरडं पुसायचंच नाही. फिल्टर काढा, गोड्या पाण्याखाली धरा, मीठ विरघळू द्या, मग टिपा. हा फिल्टरचा मोठा फायदा आहे, लेन्स नळाखाली धरता येत नाही. मागची बाजू विसरू नका. तिथे जमणारा पातळ धुरकट थर महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

थंडगार खोलीतून दमट हवेत आल्यावर फिल्टर आणि लेन्स यांच्या मधल्या पोकळीत वाफ धरते, ती बाहेरून पुसली जात नाही. कॅमेरा बंद पिशवीतच बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. पावसाळी दिवसांत फिल्टर अधूनमधून काढून मधली जागा सुकू द्या. फिल्टर बुरशी अडवत नाही, उलट मध्ये कोंडलेला ओलावा तिला पोसतो.

फिल्टर लेन्सवरच फुटला तर

पहिली गोष्ट, कॅप लावू नका आणि काहीही पुसू नका. लेन्सचं तोंड खाली करा, म्हणजे तुकडे काचेवर न घासता गळून पडतील. बाजूला हलकेच टिचक्या मारा, खालून वर ब्लोअर मारा. कडीत अडकून राहिलेले मोठे तुकडे प्लॅस्टिकच्या चिमट्याने बाहेरच्या दिशेने ओढा. तोंड खालीच ठेवून कडी फिरवून बघा. पोचा आल्यामुळे ती हलत नसेल तर पक्कडीने पिळू नका. कडी कापून काढणं आणि लेन्सचे आटे पुन्हा गोल करणं हे दुरुस्तीवाल्याचं काम, त्याच्याकडे त्यासाठी खास साधन असतं.

कडी निघाली की आट्यांमधली काचेची पूड कोरड्या ब्रशने, तोंड खाली ठेवूनच झाडा. मग टॉर्च तिरका धरून पुढची काच तपासा, आणि पूड उरली नाही याची खात्री झाल्यावरच कापड लावा. नवीन फिल्टर बोटांच्या टोकांनी, जोर न लावता शेवटपर्यंत फिरतो का ते बघा. शेवटी सपाट भिंतीचा फोटो ॲपर्चर उघडं ठेवून घ्या, कॅमेरा भिंतीला बरोबर समांतर, आणि चारही कोपरे मोठे करून बघा. तीन तीक्ष्ण आणि एक मऊ आला, आणि कॅमेरा उलटा धरून घेतलेल्या फोटोतही लेन्सच्या त्याच बाजूचा कोपरा मऊ राहिला, तर धक्क्याने आतली काच जागची हलली आहे. ती बाहेरून दिसत नाही, पण लेन्स दुरुस्तीला द्यावी लागेल.